प्रवासाच्या पिशवीत आपलं पुस्तक

प्रवासाला निघालेल्या कुठल्याही घरातल्या बाईची बॅग उघडून बघा. वरच्या कप्प्यात औषधं. सासऱ्यांची बी.पी.ची गोळी, मुलाची उलटीची गोळी, बाम. त्याखाली चिवडा, दशम्या, प्लॅस्टिकमध्ये तीनदा गुंडाळलेली लोणच्याची बाटली. सुई-दोरा, सेफ्टी पिना, जादा टॉवेल, नवऱ्याचा चार्जर, मुलीचा स्वेटर. या सगळ्यात ‘तिचं’ म्हणावं असं काय सापडतं? दोन साड्या नाहीतर दोन ड्रेस. तेही अंगावर घालावेच लागतात म्हणून!

माझं म्हणणं अगदी साधं आहे. या बॅगेत एक पुस्तक तिचं हवं. मुलांना गप्प बसवायचं चित्रांचं पुस्तक मी म्हणत नाही, स्तोत्रांची पोथीही म्हणत नाही. तिला स्वतःला वाचावंसं वाटतं म्हणून तिने घेतलेलं पुस्तक.

आता तुम्ही म्हणाल, घरी वाचायला वेळ मिळत नाही, मग प्रवासात कुठून मिळणार? मैत्रिणींनो, उलट आहे. घरी आपला वेळ कसा असतो? कुकरच्या दोन शिट्ट्यांमधला. दहा मिनिटं इथे, पंधरा मिनिटं तिथे. एक पान वाचून होतंय तोवर बेल वाजते, दूधवाला नाहीतर गॅसवाला. प्रवासात मात्र गाडी दुसरं कुणी चालवतं, जेवण बहुतेक वेळा दुसरं कुणी करतं आणि मुक्कामाला पोहोचलं की दोन तास कुणालाच काही सुचत नसतं. सलग दोन तास! लग्न झाल्यापासून आपल्यापैकी कितीजणींना असे दोन तास मिळाले, हाताच्या बोटांवर मोजून बघा.

हे डोक्यात पक्कं बसलं ते मात्र फार लांब जाऊन. २०२३ च्या मे महिन्यात मी अमेरिकेत माझ्या मोठ्या बहिणीकडे गेले होते. ताई आणि दाजी तिकडे पंचवीस-एक वर्षं आहेत. दाजींनी भाड्याने कॅम्पर व्हॅन घेतली आणि आम्ही तिघं अठरा दिवस युटा आणि ॲरिझोना या दोन राज्यांत हिंडलो. कॅम्पर व्हॅन म्हणजे काय, तर आपल्या टेंपो ट्रॅव्हलरपेक्षा थोडी मोठी गाडी. आत हातभर ओटा, सिंक, छोटा फ्रिज, दोन शेगड्या. जेवणाचं टेबल खाली दाबलं की त्याचाच पलंग होतो. मागे एवढंसं संडास-बाथरूम. पाणी भरायचं आणि सांडपाणी सोडायचं काम दाजींकडे (घरातली मोरी त्यांनी कधी धुतली नसेल, पण हे काम मात्र मोठ्या हौसेने करत होते!). रात्री ठरलेल्या तळावर गाडी लावायची, वीज जोडून घ्यायची, खुर्च्या बाहेर काढायच्या की झालं घर.

अशा घरात पुस्तकं न्यायची म्हणजे खरी परीक्षा असते. जागा कमी असतेच, पण वजनाचाही हिशेब करावा लागतो. शिवाय वरच्या कपाटात काही ठेवलं की घाटाच्या पहिल्याच वळणावर ते डोक्यात पडणार! म्हणून पुस्तकं नेहमी खाली, बाकड्याखालच्या खणात. ओट्याजवळ ठेवायची नाहीत, कारण भाताची वाफ बंद गाडीत कोंडते आणि थंड रात्री काचांवरून पाणी ओघळतं. ब्राइस कॅन्यनला आम्ही आठ हजार फुटांच्या वर होतो. मे महिना असूनही रात्री दात वाजत होते आणि सकाळी काचा आतून ओल्या. ताईने पुस्तकं झिपच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वर उशीचा अभ्रा चढवला होता. हा उपाय मला फार आवडला. आपल्याकडे पावसाळ्यात एस.टी.तून जाताना तंतोतंत चालतो.

जॉन स्टाइनबेक नावाचे मोठे अमेरिकन लेखक १९६० साली ट्रकवर अशीच खोली बसवून, सोबत चार्ली नावाचा कुत्रा घेऊन देशभर हिंडले होते. पुढे दोनच वर्षांनी त्यांना नोबेल मिळालं. गाडीला त्यांनी डॉन किहोटेच्या घोड्याचं नाव दिलं होतं, रोसिनांते. त्यांनी काय केलं, तर आजवर वाचायची राहून गेलेली पुस्तकं गाडीत भरली, दीडशे पौंडांची! म्हणजे जवळपास अडुसष्ट किलो. आणि स्वतःच कबूल केलं की अशी राहून गेलेली पुस्तकं माणूस पुढेही वाचत नाही. एवढ्या मोठ्या माणसाची ही गत, तर आपण शहाणपण शिकावं. ‘वाचायला पाहिजे’ म्हणून कुणी सांगितलेलं पुस्तक प्रवासात नेऊ नये. ज्याचं पहिलं पान उघडल्यावर दुसरं उलटावंसं वाटतं, तेवढंच न्यावं.

मी इथून तीनच पुस्तकं नेली होती. विमानात तेवीस किलोची एक बॅग, त्यात ताईसाठी गोडा मसाला, कुळीथपीठ, मेतकूट, पापड. उरलेल्या जागेत पुस्तकं. एक दिवाळी अंक. प्रवासाला दिवाळी अंकासारखं दुसरं काही नाही असं माझं ठाम मत आहे. वजनाला हलका, कथा वेगळी, लेख वेगळा, कविता वेगळी. अर्धवट सोडला तरी मनाला लागत नाही आणि वाचून झाला की कुणाला तरी देऊन टाकता येतो. १९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला. तेव्हापासून मराठी बाईच्या वाचनाला या अंकांनी केवढा आधार दिलाय! दुसरं लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’, तिसऱ्यांदा वाचायला. आणि तिसरं पंडिता रमाबाईंचं अमेरिकेच्या प्रवासावरचं पुस्तक, ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’.

हे तिसरं पुस्तक १८८९ सालचं. रमाबाई १८८६ मध्ये अमेरिकेला गेल्या, त्या आनंदीबाई जोशींना डॉक्टरकीची पदवी मिळताना बघायला, आणि पुढे अडीच वर्षांहून अधिक काळ तिकडे राहून व्याख्यानं देत हिंडल्या. परत येऊन त्यांनी इथल्या लोकांसाठी मराठीत लिहिलं. तिथल्या बायका शिकतात कशा, संस्था कशा चालवतात, सभेत कशा बोलतात, हे सगळं. एकशेचौतीस वर्षांनी त्याच देशात, रस्त्याकडेला खुर्ची टाकून मी ते वाचत होते. जिथे जायचं तिथलं एक पुस्तक बरोबर असावं हे तेव्हा मला पटलं. कोकणात जाताना कोकणाचं, पंढरपूरला जाताना वारीचं. डोळ्यांना दिसतं त्याच्या आतलं काहीतरी मग कळायला लागतं.

चालत्या गाडीत वाचायचं नाही हं! दोन ओळींत मळमळायला लागतं. ताईने त्यासाठी फोनवर बोलती पुस्तकं उतरवून ठेवली होती. आता आपल्याकडे मराठीतही ही सोय झाली आहे. दाजी गाडी चालवत ऐकायचे आणि आम्ही दोघी मटार सोलत. ताईचे डोळे आता पन्नाशीचे, तिला किंडलवर अक्षर मोठं करून वाचता येतं याचं फार कौतुक. त्यात वजन नाही, जागा नाही. मी छापील पुस्तकाची असले तरी डोळ्यांचा त्रास असलेल्या मैत्रिणींना मी हे जरूर सुचवीन. फक्त निघण्यापूर्वी घरीच सगळं उतरवून घ्यायचं. त्या दऱ्याखोऱ्यांत तासन्‌तास मोबाईलला रेंज नसते. फोन मुका, टीव्ही नाही. बायका काय, पुरुषही वाचायला लागतात!

पण बरोबर नेलेली पुस्तकं अठरा दिवस थोडीच पुरतात? मग नवी कुठून मिळवायची? तिथल्या राष्ट्रीय उद्यानांच्या माहिती केंद्रात पुस्तकांचं दुकान असतं, गावातल्या वाचनालयात जुनी पुस्तकं अगदी स्वस्तात विकायला काढलेली असतात. पण माझ्या मनात घर करून राहिली ती जागा वेगळीच. कपडे धुण्याची खोली!

गाड्यांच्या तळावर एक सामाईक खोली असते. नाणी टाकली की मशिनमध्ये कपडे धुतले जातात. धुऊन, वाळवून व्हायला तास-सव्वा तास लागतो. तोवर करायचं काय? म्हणून भिंतीला एक फळी आणि त्यावर पुस्तकं. हवं ते उचला, वाचलेलं ठेवा. वही नाही, सही नाही, राखणदार नाही. रहस्यकथा, प्रेमकथा, जुनी पाककृतींची पुस्तकं, बायबल, तुकडे हरवलेली कोडी. बहुतेक पुस्तकं कोपऱ्यात दुमडलेली, एखाद्यावर कॉफीचा डाग. आमच्या शेजारच्या गाडीत एक सत्तरीच्या बाई होत्या, एकट्या, सोबत म्हातारा कुत्रा. त्यांचा नियम ऐकून मी थक्क झाले. गाडीत पुस्तकं अकराच. बारावं आलं की एक फळीवर गेलंच पाहिजे! “कोणतं सोडायचं हे ठरवताना त्रास होत नाही?” असं मी विचारलं, तर म्हणाल्या, होतो, पण ते कुणाच्या तरी हातात पडणार आहे.

तिथेच मला ख्रिस्तोफर मॉर्ले यांची ‘पार्नासस ऑन व्हील्स’ ही छोटीशी कादंबरी सापडली. १९१७ सालची. माझं इंग्रजी बेताचं, तरी चार दिवसांत संपवली. नायिका हेलन मॅकगिल, वय एकोणचाळीस, अंगाने जाडसर, शेतावर भावाचं घर सांभाळणारी. भाऊ लेखक. खेड्यातल्या साध्या सुखी जीवनावर पुस्तकं लिहून तो प्रसिद्ध झालाय आणि त्या जीवनातली कोंबड्या, चूल, भांडी ही सगळी कामं हेलनच्या गळ्यात. (ओळखीचं वाटतंय ना?) पंधरा वर्षांत आपण सहा हजार पाव भाजले असा ती हिशेब करते. एक दिवस दारात घोडागाडी येते. आत पुस्तकांची कपाटं, झोपायला बाक, छोटी शेगडी. फिरतं पुस्तकांचं दुकान. मालकाला गाडी तिच्या भावाला विकायची आहे. भावाने बघितली तर तो पुन्हा घर सोडून हिंडणार, म्हणून हेलनच साठवलेल्या पैशांतले चारशे डॉलर मोजून ती विकत घेते आणि भावाला चिठ्ठी ठेवून निघून जाते!

अशी गोष्ट शंभर वर्षांपूर्वी एका पुरुषाने लिहावी याची मला गंमत वाटली. पण त्याला आधार होता. १९०५ साली मेरीलँडमधल्या हेगर्सटाउनला मेरी टिटकम्ब या ग्रंथपाल बाईंनी घोडागाडीतून शेतकऱ्यांच्या दारी पुस्तकं न्यायला सुरुवात केली होती. काळ्या रंगामुळे लोकांना ती प्रेतं न्यायची गाडी वाटायची, म्हणून तिला थोडा लाल रंग चढवावा लागला. १९१० मध्ये रेल्वेच्या फाटकात तिचा चुराडा झाला, तरी बाईंनी १९१२ साली मोटार आणून काम पुढे चालू केलं. आणि त्याच सुमारास आपल्या सयाजीराव गायकवाडांनी अमेरिकेहून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल बडोद्याला आणले आणि लाकडी पेट्यांतून संस्थानातल्या गावागावांत पुस्तकं पाठवली. म्हणजे हे वेड आपल्यालाही परकं नाही.

आजही नाही. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानने विनायक रानडे यांच्या पुढाकाराने २००९ मध्ये ‘ग्रंथ तुमच्या दारी’ सुरू केलं. पुस्तकांची पेटी एका गटाकडे जाते, मग ती बदलून दुसरी येते. नाशिकजवळच मुंबई-आग्रा महामार्गावर भीमाबाई जोंधळे या आजींच्या हॉटेलात टेबलावर मेनूकार्डाबरोबर पुस्तकंही ठेवलेली असायची, त्याबद्दल तुम्हीही वाचलं असेल. पाचगणीजवळचं भिलार तर २०१७ पासून पुस्तकांचं गाव झालं. लोकांच्या घरात, ओसरीवर जाऊन बसायचं आणि वाचायचं.

मग माझा प्रश्न असा आहे, की हे सगळं होऊ शकतं तर आपण बायका जिथे खरोखर मुक्काम करतो तिथे का होत नाही? आपण काही कॅम्पर व्हॅन घेऊन हिंडत नाही. आपण जातो अष्टविनायकाला, अक्कलकोट-तुळजापूरला, मंडळाच्या ट्रिपने दक्षिणेत. भक्तनिवासात उतरतो, एस.टी. स्टँडवर तीन तीन तास बसतो. पूर्वी स्टेशनवर पुस्तकांचा स्टॉल हटकून असायचा. आता बऱ्याच ठिकाणी बिस्किटं आणि पाण्याच्या बाटल्यांमधून पुस्तक शोधावं लागतं. भक्तनिवासात नियमांच्या पाट्या दहा, पण वाचायला एक चिटोरं नाही.

आमच्या बचत गटातर्फे मी एका भक्तनिवासाच्या व्यवस्थापकांना विचारलं, की आम्ही वीस पुस्तकं आणि फळी देतो, व्हरांड्यात लावू द्या. ते भले गृहस्थ म्हणाले, “ताई, राखण कोण करणार? बायका घेऊन जातील.” अहो, जाऊ द्या ना! एखाद्या बाईने देवदर्शनाहून परत जाताना पुस्तक पिशवीत घालून नेलं, तर त्यात चोरी कसली? तिच्या घरी ते चौघीजणी वाचतील. टॉवेल आणि बादल्या जातात तेव्हा तुम्ही भक्तनिवास बंद करता का? फळी अजून लागलेली नाही. मी पुन्हा जाणार आहे.

तोवर आम्ही आपली सोय केली आहे. गटातल्या एकीने जुन्या पडद्याची जाड पिशवी शिवून दिली. ट्रिपच्या आधी पाचजणी तालुक्याच्या वाचनालयात जातो आणि प्रत्येकीच्या नावावर एक अशी पाच पुस्तकं घेतो. दोन रद्दीच्या दुकानातून, किलोच्या भावाने, म्हणजे हरवली तरी जीव हळहळत नाही. वाचनालयाची तारीख बघून मुदत वाढवून घ्यायची जबाबदारी एकीवर. बसमध्ये पिशवी ड्रायव्हरच्या मागच्या सीटखाली.

पहिल्या ट्रिपला पिशवीवर बरंच हसू झालं. मग परतीच्या वाटेवर गाडी बिघडली आणि मेकॅनिक येईपर्यंत आम्ही साडेतीन तास ढाब्याच्या बाकड्यांवर. तेव्हा सातच्या सात पुस्तकं बाहेर आली! आमच्यातली एक तिशीची मुलगी, दहावीला पहिल्या वर्गात आलेली, लगेच लग्न झालेलं. घरून निघताना तिने पुस्तक घेतलं तर दीर म्हणाले होते, “वहिनी, ट्रिपला चाललात की परीक्षेला?” तिने ते मुकाट्याने परत कपाटात ठेवलं होतं. त्या ढाब्यावर तिने ‘स्मृतिचित्रे’ धरलं ते बस सुरू झाली तरी मिटेना. ओकारी येईल म्हणून आम्ही ओरडलो, तर म्हणाली, येऊ दे! रात्री घरी जाताना तिने पुस्तक नेलं नाही, पिशवीतच ठेवलं. कारण घरी काय उत्तर द्यायचं? पुढच्या तीन मासिक बैठकांना ती अर्धा तास आधी येऊन माझ्याकडच्या ओट्यावर बसून वाचत होती, आणि चौथ्या वेळेला घेऊन गेली.

मला सांगा, बाईने प्रवासात मोबाईलवर तासभर काही बघितलं तर कुणाला खटकत नाही, पण पुस्तक उघडलं की लगेच ‘आमच्याशी बोल ना’ का सुरू होतं? बहुधा पुस्तक वाचणारी बाई तिथे नसते, दुसरीकडे कुठेतरी गेलेली असते, हे घरच्यांना बरोबर कळतं. तर जाऊ दे की तिला थोडा वेळ. जेवणापर्यंत येतेच परत.

येत्या महिन्यात आम्ही बावीसजणी गोंदवले, पंढरपूर करणार आहोत. पिशवी भरायला घेतली आहे. एक दिवाळी अंक, दुर्गाबाईंचं ‘ऋतुचक्र’, गोडसे भटजींचं ‘माझा प्रवास’, दोन कथासंग्रह, एक रहस्यकथा. सातव्या जागेवरून वाद चालू आहे. दोघींना ‘मृत्युंजय’च हवं आहे आणि त्याने एकट्याने अर्धी पिशवी भरते. मी नाही म्हटलं, तर म्हणाल्या, पिशवीत नको, आम्ही दोघी आळीपाळीने मांडीवर घेऊन बसतो.